शिल्लक लोकर

लोकर ही साठवून ठेवण्याची वस्तू आहे, ही गोष्ट सातारा-फलटणकडे वाढलेल्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. आमच्याकडे साठवण म्हणजे वर्षाची ज्वारी, चिंच, सांडगे-पापड, फार तर माळ्यावरची पितळी भांडी. लोकरीशी आमचा संबंध यावयाचा तो तीन ठिकाणी. आजीच्या सोवळ्याच्या दांडीवर एक जुनी धाबळी लोंबत असे. सुती वस्त्र विटाळते, लोकर विटाळत नाही, या शास्त्रार्थाने तिला स्वयंपाकघरात मान होता. दुसरी घोंगडी. ती पाहुण्याला बसावयाला अंथरावयाची आणि पावसात डोक्यावरून खोळ करून घ्यावयाची. तिसरा बाळंतविडा. घरात मूल होणार असे कळले की कोणी तरी मावशी पिवळ्या लोकरीचे टोपरे आणि मोजे विणावयाला घेई, आणि मूल वर्षाचे झाले की ते टोपरे पुढच्या बाळासाठी ट्रंकेत जाई. रुखवतावर लोकरीचा एखादा कुत्रा मांडलेला असे खरा. परंतु उबेसाठी त्याला कोणी जवळ केल्याचे मी पाहिले नाही.

आज माझ्या सरकारी निवासात १४ किलो लोकर आहे. हा आकडा अंदाजाचा नव्हे. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा जो लहानसा काटा मिळतो, त्याला एकेक पिशवी अडकवून मी वजने घेतली आणि वहीत नोंदविली. आरंभीची शिल्लक, आवक, जावक, अखेरची शिल्लक, हा माझा कचेरीतला रोजचा व्यवसायच आहे. तोच घरी केला. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला सुमारे अर्धा किलो लोकर लागते. म्हणजे हे २८ स्वेटर झाले. कचेरी, घर आणि मुलीचा अभ्यास सांभाळून वर्षाकाठी माझ्या हातून ३ हून अधिक निघत नाहीत. तेव्हा यापुढे एक धागाही विकत न घेता हा साठा संपावयाला ९ वर्षे लागतील. एखाद्या सरकारी भांडारात अशी शिल्लक आढळली असती, तर लेखापरीक्षकांनी तीवर किमान दोन परिच्छेद लिहिले असते. त्यातही एक गंमत आहे. लोकर हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. मी वजने घेतली ती दिल्लीच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत. तीच लोकर पुण्याच्या श्रावणात तोलली तर अधिक भरेल, आणि ही वाढ कोणत्या रकान्यात दाखवावी हे मला अद्याप सुचलेले नाही.

पुण्याचा उल्लेख आला तो उगाच नव्हे. बदलीचा हुकूम हातात आहे म्हणूनच ही मोजदाद निघाली. पण त्याकडे मागाहून येईन.

मी दिल्लीला आले ती २०१४ च्या डिसेंबरात. निवड परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच पहाटे ओसरला. बरोबर आणलेले स्वेटर महाबळेश्वरच्या सहलीसाठी घेतलेले, दिसावयाला छान आणि थंडीपुढे निरुपयोगी. पुढे निवास मिळाले, त्याच्या तळमजल्यावर आमच्याच खात्यातल्या एका पंजाबी सहकाऱ्यांचे कुटुंब होते. त्यांच्या आईंना सारे 'बीजी' म्हणत. मीही म्हणू लागले. दुपारच्या उन्हात पायरीवर खाट टाकून त्या विणत बसत. माझा तो स्वेटर त्यांनी बाहीला धरून नुसता चिमटीत चोळला आणि हे काही लोकरीचे नाही असा निकाल दिला. मग शिवणीतून एक धागा ओढून काडीने पेटविला. खरी लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख राहते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची काळी टणक गोळी होते. माझ्या धाग्याची गोळी झाली. त्या रविवारी त्यांनी मला १० नंबरच्या सुया आणि उरलीसुरली करडी लोकर देऊन समोर बसविले.

विणकामात मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट. पुढची सारी जाळी, वेण्या, खजुरी, दाणे ही त्या दोहोंचीच अदलाबदल. बीजी अर्थातच 'सीधा' आणि 'उलटा' म्हणत, आणि टाक्याला म्हणत 'फंदा'. मला हा शब्द आधी दचकवीत असे. आपला टाका शिवणातला, फाटलेले जोडणारा. त्यांचा फंदा म्हणजे फास. पण सुईवर ओळीने बसलेले ते लहान लहान फास पाहिले आणि एक सुटला की खालपर्यंत कशी शिडी पडते हे अनुभवले, तेव्हा त्यांचाच शब्द अधिक नेमका वाटू लागला. सुयांच्या नंबरांचीही अशीच मौज. आपल्या बाजारात जुन्या इंग्रजी पद्धतीचे नंबर चालतात. त्यात आकडा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० ची सव्वातीन. काठ घट्ट बसावा म्हणून तो १२ नंबरवर आणि अंग १० वर, हा बीजींचा दंडक.

साठा कसा वाढतो हे मात्र बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे. माझ्या यजमानांना अकरा वर्षांत ते मला समजावता आलेले नाही. पहिले कारण रंग. लोकर रंगविली जाते ती एका वेळी एका घाणीत, आणि प्रत्येक गुंड्याच्या कागदी पट्टीवर त्या घाणीचा लॉट नंबर छापलेला असतो. तोच रंग, तीच गिरणी, पण लॉट वेगळा असला की विणलेल्या अंगावर आडवा पट्टा दिसू लागतो. दुकानातल्या दिव्याखाली नाही, उन्हात. शेवटच्या बाहीला लोकर कमी पडली आणि दुकानात तो लॉट संपला, तर सारे काम वाया. म्हणून बीजींचा उपदेश असे, "एक गोला फालतू ले ले." दिल्लीच्या बोलीत फालतू म्हणजे जास्तीचा, गरजेपुरता झाल्यावर वर राहणारा. आपल्याकडे फालतू म्हणजे कवडीमोलाचा. या दोन अर्थांच्या मधल्या जागेत माझा सारा साठा वाढला आहे. स्वेटर पुरा होतो, तो फालतू गुंडा उरतो. एक पांढरा, एक शेवाळी, एक मरून. एकट्याने त्यांचे काही होत नाही, आणि टाकवत तर नाहीतच.

दुसरे कारण ऋतू. फेब्रुवारी सरत आला की दुकानदार उरलेला माल उन्हाळाभर ठेवावयाला नाखूश असतात आणि भाव पडतात. ज्या दिवशी लोकरीची गरज सर्वांत कमी, त्या दिवशी ती सर्वांत स्वस्त. कारकुनी पगाराला ही संधी दवडणे परवडत नाही. तिसरे कारण आपल्या वाचकांना चांगले ठाऊक असेल. ते म्हणजे एल. टी. सी. लोक त्या सवलतीत देवदर्शन करतात, बर्फ पाहतात. आम्हीही पाहिला, पण कुलूहून येताना अंगोरा सशाची लोकर आली, आणि २०१९ साली लेहहून येताना पश्मिन्याचे ५० ग्रॅम हातकताईचे सूत आले. ते मी अजून सुईवर घेतलेले नाही. चांगथांगच्या पठारावर, ४,००० मीटरहून उंच, चांगपा लोक ज्या बकऱ्या पाळतात, त्यांच्या राठ केसांखाली हिवाळ्यात एक मऊ थर धरतो. थंडी ओसरली की तो फणीने विंचरून काढावयाचा. एका बकरीपासून वर्षाला साधारण पाव किलो कच्चा माल निघतो, आणि राठ केस वेचून टाकल्यावर त्याहून पुष्कळच कमी राहतो. धाग्याची जाडी १२ ते १५ मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. असे सूत हातात असताना त्याचा मफलर करावा की टोपी, या प्रश्नाला उत्तर न देणे हेच मला आजवर शहाणपणाचे वाटले आहे.

बाकीच्या साठ्याचाही भूगोल आहे. लुधियानाची पट्टी असलेली तलम मेरिनो लोकर मुळात बहुधा ऑस्ट्रेलियातली; आपल्या देशात मेंढ्या पुष्कळ, पण त्यांची बहुतेक लोकर गालिच्याच्या कामाची. राजस्थानातील अविकानगरला १९६२ पासून मेंढी आणि लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. बिकानेरची लोकरीची बाजारपेठ नावाजलेली, परंतु तिथला मालही मुख्यतः गालिच्यांकडे जातो. उरलेले सारे ॲक्रिलिक. त्याला मी पूर्वी नाक मुरडीत असे, आता मुरडीत नाही. ते कसर खात नाही. खऱ्या लोकरीला मात्र कसरीपासून सांभाळावे लागते; पतंग निरुपद्रवी असतो, खाते ती त्याची अळी. मी कडुनिंबाचा वाळवलेला पाला आणि वेखंड घालते, आणि दर पावसाळ्यानंतर साऱ्या पिशव्या गच्चीवर उन्हात उपड्या करते. त्या दिवशी शेजारच्या गच्चीवरच्या बायका पाहावयाला येतात आणि जाताना एकदोन गुंडे नेतात. जावकेची एवढीच काय ती नोंद.

माझ्या आजीनेही एकदा विणले होते, हे मला बीजींकडे शिकू लागल्यावर कळले. १९६२ साली चीनने आक्रमण केले, तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला आले. साताऱ्याकडे त्याचे अप्रूप फार. आजी तेव्हा शाळेत शिकवीत असे. दुसऱ्या एका बाईंकडून तिने हिरव्या लोकरीच्या कानटोप्या शिकून घेतल्या. लढाई महिन्याभरात थांबली आणि आजीच्या सुयाही. तिला विचारावयाचे राहूनच गेले की ज्या थंडीची कल्पनाही नाही, त्या थंडीसाठी विणताना तिला काय वाटत असेल. बीजींची गोष्ट उलट. त्या तीन वर्षांच्या असताना लायलपूरहून निर्वासित होऊन दिल्लीत आल्या, किंग्जवे कॅम्पात राहिल्या. त्यांच्या आईने तंबूत बसून दुसऱ्यांचे स्वेटर मजुरीने विणून घर उभे केले. लोकर गिऱ्हाइकाची, उरेल तो तुकडाही गिऱ्हाइकाला परत. 'फालतू गोला' घेण्याची ऐपत आली ती पुढे बीजींच्या स्वतःच्या संसारात. त्यांच्या पेटीत नेहमी लोकर असे याचा मी तोवर निराळा अर्थ लावीत होते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या रजेत मी माण तालुक्यातल्या एका सनगराच्या मागावर गेले. दिल्लीत राहून आपल्याकडच्या लोकरीची ओढ लागावी हे विचित्रच. खड्ड्यातला माग, काळे सूत, ताण्याला चिंचोक्याची खळ. दख्खनी मेंढीची ती लोकर, लोणंदपासून सांगोल्यापर्यंतची, राठ आणि केसाळ. विणकराने सांगितले की आता मेंढी पाळतात ती मांसासाठी. लोकर कातरण्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, म्हणून कित्येक जण कातरून ती तिथेच टाकून देतात. मी दोन किलो सूत घेतले. ८ नंबरच्या सुईवर ते चढेना, बोटे सोलवटली. शेवटी मिळाली त्यात सर्वांत जाड सुई घेऊन एक आसन विणले. आईने ते देवघरात घातले आणि म्हणाली, "हे बरं झालं. हे विटाळायचं नाही." फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत फिरतात, हिमाचलात गद्दी मेंढपाळ असेच वर-खाली करतात. बदलीच्या नोकरीला कंटाळलेल्या माणसाने या दोघांचा विचार करावा. त्यांना प्रवासभत्ताही मिळत नाही.

एके काळी दुपारच्या सुटीत सचिवालयाभोवतीच्या हिरवळीवर विणणाऱ्या बायकांचे घोळके बसत, असे जुने सहकारी सांगतात. मी आले तेव्हा त्यातल्या दोघी-तिघी उरल्या होत्या. आता मी एकटीच, बाकीच्यांच्या हातात मोबाइल. तक्रार नाही, माझ्याही पिशवीत तो असतोच.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दिल्लीत काय झाले ते इथे वेगळे सांगावयाला नको. बीजी त्यात गेल्या. चार दिवसांत सारे आटोपले. आम्हांला खिडकीतून हात जोडण्यापलीकडे काही करता आले नाही. ऑगस्टात त्यांच्या सूनबाई लोखंडी पेटी घेऊन वर आल्या. आमच्यात विणणारे कोणी नाही, तुम्हीच वापरा, असे म्हणाल्या. माझ्या साठ्यातली जवळजवळ चार किलो लोकर त्या पेटीतली आहे. तळाशी जुन्या स्वेटरांची उसवलेली लोकर होती, लड्या करून धुतलेली, वळ्या जाव्यात म्हणून वजन टांगून वाळवलेली. आणि सर्वांत वर कापडात गुंडाळलेला, नातवाचा शाळेचा मरून स्वेटर. पाठ झालेली, पुढची बाजू झालेली, एक बाही झालेली. दुसरी बाही कोपरापर्यंत येऊन १० नंबरच्या सुईवर थांबलेली, सुईच्या टोकाला रबरी बूच. सोबत त्याच लॉटचे तीन गुंडे.

दुसऱ्याचे अर्धे काम पुढे नेणे विणकामात सोपे नाही. प्रत्येक हाताचा ताण निराळा असतो. १० सेंटिमीटरमध्ये बीजींचे २४ टाके बसत, माझे त्याच सुयांवर २२. तसेच पुढे विणले असते तर कोपरापासून बाही फुगली असती. ११ नंबरच्या सुया घेतल्या तर माझे टाके त्यांच्या टाक्यांच्या मापाला येतात, हे मी एका चौकोनावर करून पाहिले होते. म्हणजे अडचण कौशल्याची नव्हती. परंतु चार वर्षे मी ते कापड उलगडून पाही आणि परत गुंडाळी. उसवून टाकणे हा दुसरा मार्ग होता. पण विणकाम उसवते ते शेवटच्या टाक्याकडून, सुरुवातीकडून नव्हे. म्हणजे बीजींनी सर्वांत शेवटी घातलेला टाका पहिल्यांदा जावयाचा.

आता बदली. आईचा गुडघा गेल्या पावसाळ्यात पडल्यापासून बरा नाही, आणि ती साताऱ्याला एकटी असते. पुण्यासाठी मी तीन वर्षे अर्ज करीत होते. हुकूम आला तेव्हा तिला दूरध्वनीवरून कळविले. ती पहिल्यांदा काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "ती सगळी लोकर आणणार आहेस का? इथं कुणाला लागते?" पुण्यातही डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, असा युक्तिवाद मी केला. मुलगी जन्मापासून दिल्लीची. थंडीत तोंडातून वाफ येणार नाही याचेच तिला अधिक वाईट वाटते. खरे सांगावयाचे तर मलाही ते २८ स्वेटर मोजताना प्रथमच जाणवले की मी मनातल्या मनात आणखी नऊ हिवाळे इथे धरून चालले होते. अर्ज पुण्याचे, आणि लोकर दिल्लीची.

वाटणी सुरू केली. ॲक्रिलिकचे अडीच किलो कचेरीतल्या बिहारकडच्या एका मुलीला दिले. तिला सप्टेंबरात मूल होणार आहे आणि ती टोपरे शिकली आहे. गच्चीवरच्या शेजारणींनी दीड किलो नेले. उसवलेल्या लड्या मी ठेवल्या. लेहचे सूत ठेवले. मरून स्वेटर घेऊन मात्र खाली गेले, कारण तो पुण्याला नेण्याचा मला अधिकार नव्हता. सूनबाईंनी तो मांडीवर पसरला. नातू आता आठवीत आहे, आईच्या खांद्याच्या वर गेला आहे. त्याला तो कोणत्याही उपायाने होणार नव्हता. त्या बराच वेळ बाहीवरून हात फिरवीत होत्या. मग म्हणाल्या, पुरा करून द्या. कुणाला व्हावयाला पाहिजे असे नाही, पण पुरा करून द्या.

११ नंबरच्या सुयांवर मला आठ रात्री लागल्या. बीजींचे टाके कोठे संपतात ते उजेडाकडे धरले तरी दिसत नाही. उलट्या बाजूला एक गाठ आहे, ती मी लपविली नाही. बाह्या जोडल्या, गळ्याची पट्टी १२ नंबरवर घातली, कोमट पाण्यात धुऊन टॉवेलवर सपाट वाळत टाकला. त्या दिवशी दिल्लीत पारा ४२ वर होता. दोन तासांत वाळला. पेटीही रिकामी करून स्वेटर तिच्यातच ठेवून खाली पोहोचविला. सूनबाईंनी आत जाऊन उरलेले दोन गुंडे एका पिशवीत घालून मला परत आणून दिले. मी नको म्हटले, त्यांनी ऐकले नाही. १०० ग्रॅम, मरून, एकच लॉट. वहीत आवकेच्या रकान्यात मांडले आहेत.